चिन्हामागील फाइलींचे गाठोडे

संगणक-कक्षातील पडद्यावरचे एखादे चिन्ह विद्यार्थी पेनड्राइव्हवर उतरवून घेतो. मात्र दुसऱ्या संगणकावर ते उघडत नाही. प्रोग्रॅम बिघडला, असा त्याचा समज होतो. वस्तुतः प्रोग्रॅम त्याच्यासोबत आलेलाच नसतो. विंडोजमधील असे चिन्ह बहुधा 'शॉर्टकट' असते. तो घराचा पत्ता होय, घर नव्हे.

प्रोग्रॅम म्हणजे अनेक फाइलींचा संच. इतिहासाच्या अभ्यासकांना पेशवे दफ्तरातील रुमाल परिचित आहेत. अनेक कागद एका कापडात बांधून ठेवण्याची ती रीत. संगणकातील 'बंडल' ही कल्पना त्याच जातीची आहे. नेक्स्ट कंपनीच्या प्रणालीतून आलेली ही पद्धत २००१ मध्ये ॲपलच्या मॅक ओएस टेनबरोबर सर्वदूर पोहोचली. मॅकवरील ॲप एकच वस्तू भासते. प्रत्यक्षात ते एक फोल्डर असते. त्यात प्रोग्रॅमचे नाव व आवृत्ती सांगणारी माहितीची फाइल असते, प्रत्यक्ष काम करणारी मुख्य फाइल असते आणि 'रिसोर्सेस' या फोल्डरात चित्रे, ध्वनी व निरनिराळ्या भाषांतील शब्द असतात. विंडोजमध्ये मुख्य ईएक्सई फाइलीसोबत बहुधा साहाय्यक डीएलएल फाइली असतात, शिवाय काही नोंदी रजिस्ट्री नावाच्या वहीत होतात. म्हणूनच तेथे बहुतेक प्रोग्रॅम नुसते उचलून नेता येत नाहीत. ते इन्स्टॉल करावे लागतात.

या रचनेतील एक गोष्ट आम्हांस विशेष मोलाची वाटते. काम करणारी फाइल आणि पडद्यावर दिसणारे शब्द वेगवेगळे ठेवता येतात. त्यामुळे मूळ यंत्रणेला हात न लावता मराठी शब्दांची फाइल जोडता येते. लिबरऑफिस हा मुक्त प्रोग्रॅम मराठीत उपलब्ध आहे, तो याच व्यवस्थेमुळे. असे भाषांतर करणाऱ्यास प्रोग्रॅमिंग यावेच लागते असे नाही. मराठी आणि इंग्रजी दोन्ही नीट यावी लागतात.

धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांतून येणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना संगणक ही इंग्रजी जाणणाऱ्यांचीच मिरास वाटते. इंग्रजी त्यांनी अवश्य शिकावी. परंतु संगणकात मराठीला जागा नाही, हा समज त्यांनी मनातून काढून टाकावा. जागा राखलेली आहे. ती शब्दांनी भरण्यासाठी अभ्यासू माणसे हवीत. ती आपल्या वर्गांतूनच घडावीत, अशी आमची अपेक्षा आहे.