खेळयंत्राची भरकटणारी दांडी

हात लावला नसतां पडद्यावरील खेळाडू आपण होऊन एका बाजूस चालूं लागला, म्हणजे मुलें खेळाला दोष देतात आणि पालक नव्या खर्चाच्या चिंतेंत पडतात. परंतु दोष कोठें आहे हें प्रथम समजून घ्यावें.

बहुतेक कंट्रोलरच्या प्रत्येक दांडीशीं काटकोनांत बसविलेले दोन पोटेन्शिओमीटर असतात. रेडिओचा आवाज कमीजास्त करण्याची जुनी कळ याच तत्त्वावर चाले. त्यांत कार्बनच्या पट्टीवरून धातूची जीभ सरकते; दांडी मध्यावर असतां विद्युद्दाबही मध्यावर असतो. पट्टीवर धूळ बसली किंवा ती झिजली, कीं हा मध्य ढळतो, आणि यंत्र त्यालाच हाताची आज्ञा समजतें.

उपाय क्रमानें करावा. प्रथम सेटिंगमध्यें मध्य पुन्हा ठरवावा. 'डेड झोन' वाढविल्यास चूक झांकली जाते, पण सूक्ष्म हालचालही हरवते. मग यंत्र बंद करून दांडीच्या बुडाशीं आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोनचार थेंब सोडावे, दांडी चोहोंकडे फिरवावी व सर्व पूर्ण वाळूं द्यावें. हा द्रव ज्वालाग्राही आहे. म्हणून चुलीपासून दूर, खिडकी उघडून, वडीलधाऱ्यांसमक्षच हें काम करावें.

धुळीचा दोष यानें जातो, झिजेचा जात नाहीं. दोष वारंवार परतला, तर डाख लावण्याचें काम जाणणाऱ्याकडून तेवढा भाग बदलून घ्यावा. सबंध यंत्र टाकूं नये. एडविन हॉल यांनीं १८७९ सालीं शोधलेल्या चुंबकीय परिणामावर चालणाऱ्या दांडींत पट्टीची ही घासाघीसच नसते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत उन्हाळ्याची धूळ घरोघर येते. तेव्हां खेळ संपतांच यंत्र फडक्यानें झांकून ठेवावें.