गॅस गळतीची सूचना देणारे यंत्र : न्यूयॉर्कचा कायदा

भाड्याच्या घरात गॅस गळतीची सूचना देणारे यंत्र कोणी बसवायचे, मालकाने की भाडेकरूने? न्यूयॉर्क शहराने हा तंटा २०१६ च्या १५७ क्रमांकाच्या स्थानिक कायद्याने मिटविला. यंत्र मालकाने बसवायचे. भाड्याच्या सदनिकेत त्याची देखभाल, आणि हरवले-बिघडले तर बदलणे राहणाऱ्याकडे. आम्हाला ही वाटणी इन्साफाची वाटते.

कायदा उगाच झाला नाही. १२ मार्च २०१४ रोजी ईस्ट हार्लेममध्ये गॅसच्या स्फोटाने दोन इमारती कोसळल्या, ८ माणसे दगावली. काही रहिवाशांना आदल्या दिवशीच वास आला होता. त्यांनी कळविले नाही. सकाळी तक्रार गेली तोवर वेळ टळली होती. २०१५ साली ईस्ट व्हिलेजमध्ये बेकायदा जोडलेल्या गॅस लाईनमुळे आणखी २ जीव गेले.

यंत्र बसविण्याची मुदत आधी १ मे २०२५ होती. ठरविलेल्या दर्जाची यंत्रे बाजारात पुरेशी नव्हती म्हणून ती १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढविली गेली. हुकूम आधी, माल नंतर. व्यापाऱ्याला यात नवल नाही.

जागेचा नियम मात्र नीट समजून घ्यावा. शेगडीपासून आडवे ३ ते १० फूट अंतर, आणि छतावर किंवा भिंतीवर छतापासून १२ इंचांच्या आत. कारण पाइपने येणारा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीलगत पसरतो. त्याचे यंत्र खालीच हवे. मुंबईत एका घरी पाइप, शेजारी सिलिंडर, तेव्हा दुकानदाराला यंत्र कोणत्या गॅसचे ते विचारल्याशिवाय घेऊ नये. धुराचे यंत्र यापैकी कशाचीच खबर देत नाही.

हवेत मिथेनचे प्रमाण सुमारे ५ टक्के झाले की एक ठिणगी पुरते. गॅसला वास मुद्दाम मिसळलेला असतो, पण झोपलेल्याच्या नाकाचा काय भरवसा? आमच्या कापडाच्या धंद्यात कारागीर माळ्यावर झोपतात, खाली शेगडी, भोवती तागे आणि चिंध्या. अशा जागी रात्री कॉक बंद करण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर असावी. यंत्र वाजले तर दिव्याचे बटण चालू-बंद काहीच करू नये. हाताशी असेल तर कॉक बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांना बाहेर काढावे आणि फोन बाहेर जाऊनच करावा.