आजीचा डावा हात

नांदेड

चि. ओंकार यास,


आत्याच्या लेकीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं. मी नवरीचा मामा, मला चार दिवस आधीच निजामाबाद गाठावं लागेल. म्हणून लातूरहून आजी, दादा, वहिनी आणि पोरींना घेऊन यायचं काम या वेळी तुझ्याकडे आलं आहे. तुझा हात गाडीवर बसला आहे, हे मी पाहिलं आहे. तरी हे पत्र लिहितो आहे. गाडी चालवता येणं वेगळं आणि घरची माणसं नेऊन सुखरूप परत आणणं वेगळं. ते मला फार महागात कळलं.

आजीचा डावा हात कोपरात पुरता सरळ होत नाही, हे तू लहानपणापासून पाहतोस. विहिरीवर पाय घसरला, असं ती सांगते. ते खरं नाही. तो हात माझ्यामुळे मोडला.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. हैदराबादला एक लग्न लावून, जेवणं उरकून रात्री अकराला आम्ही निघालो. सगळे म्हणत होते, मुक्काम करा, पहाटे निघा. मला सकाळी कामावर हजर व्हायचं होतं, आणि थांबणं म्हणजे कमीपणा वाटत होता. दोन रात्री धड झोप नव्हती. देगलूर मागे पडलं, आता घर आलंच असं मनात आलं आणि तिथेच डोळा लागला. जाग आली तेव्हा जीप रस्ता सोडून तुरीच्या वावरात कलंडली होती. सोबत दिलेल्या शिदोरीतले बुंदीचे लाडू काळ्या मातीत विखुरले होते. आई उजव्या हाताने डावा हात धरून बांधावर बसली होती, आणि तिने पहिलं विचारलं ते हे, "तुला तर लागलं नाही ना रे?" विहिरीची गोष्ट तिने त्याच रात्री ठरवली. गाडीत तुझे बाबाही होते. आजवर कुणी ती मोडली नाही. आज मी मोडतो आहे, कारण आता चाक तुझ्या हातात आहे.

म्हणून एकच गोष्ट सांगतो, बाकी सगळं तिच्याच पोटात येतं. लग्नाला वेळेवर पोचण्यापेक्षा लग्नाहून शहाणपणाने परतणं मोठं. जाताना सगळे ताजेतवाने असतात, चालवणाराही सावध असतो. येताना पोट भरलेलं, डोळे जड, गप्पा संपलेल्या, आणि 'आता काय, घरच गाठायचं' ही घाई. १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे नेते विनायक मेटे गाडीच्या अपघातात गेले, ते बीडहून रात्रभर प्रवास करून मुंबईला निघाले होते. पहाटेची ती वेळ कुणाचाच मुलाहिजा ठेवत नाही.

हे लग्न तेलुगू घरात आहे. त्यांच्याकडे मुहूर्त रात्री उशिराचे, कधी पहाटेचेही असतात. आपल्याकडे मंगलाष्टकं संपून अंतरपाट दूर झाला की लग्न लागलं. त्यांच्याकडे जिरं आणि गूळ एकत्र वाटून नवरा-नवरी एकमेकांच्या डोक्यावर ठेवतात, तो मुहूर्ताचा क्षण. आपल्याकडे मामा नवरीच्या पाठीशी उभा राहतो. त्यांच्या रीतीत मामा नवरीला बांबूच्या टोपलीत बसवून मांडवात आणतो. मला ते करायचं आहे आणि त्याचा मला फार आनंद आहे. तिथे कुणी 'आपल्याकडे असं नसतं' म्हणू लागलं, तर तू हळूच विषय बदल. मानपान मोजायला आपण जात नाही. पण रात्रीच्या मुहूर्तानंतर लगेच गाडी काढायची नाही, हे आजच वहिनींना सांगून ठेव. आत्याकडे अंथरुणं आहेत. झोप, चहा घे, उजाडल्यावर निघ.

आता वाटेचं. लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड हा ३६१ क्रमांकाचा महामार्ग. पुढे नायगाव, नरसी, बिलोली, मग येसगीचा पूल आणि बोधनवरून निजामाबाद. सगळं मिळून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. सध्या साखर कारखान्यांचा हंगाम आहे. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. पुष्कळांना मागे दिवा नसतो, आणि ट्रॉलीबाहेर आलेला ऊस अंधारात अजिबात दिसत नाही. दुभाजक असलेल्या रस्त्यावरही उलट्या बाजूने ट्रॅक्टर येतो. रात्री न निघण्याचं हेही एक कारण.

गाडी भाड्याची करायचं ठरलं, तर पिवळ्या पाटीचीच कर आणि परराज्याचा परवाना आहे का, ते आधी विचार. पांढऱ्या पाटीची ओळखीची गाडी पैसे देऊन नेली आणि काही झालं, तर विमा कंपनी हात वर करू शकते. गाडी आपलीच असेल, तर विमा, पीयूसी, हवा आणि स्टेपनी आदल्या दिवशी बघ. रुग्णवाहिकेचा १०८ नंबर पोरींनाही पाठ करून दे, तो तेलंगणातही चालतो. ही सेवा २००५ साली हैदराबादेतच सुरू झाली.

दर दीड-दोन तासांनी थांब. कुठे थांबायचं ते तुझ्या पायांवर ठरवू नकोस, आजीच्या गुडघ्यांवर ठरव. स्वच्छतागृह बरं असेल असा पेट्रोल पंप बघ. बायका संकोचाने पाणी पीत नाहीत आणि मग डोकं धरून बसतात. त्यांनी मागण्याआधी तूच गाडी थांबव.

येसगीला आलास की पूल ओलांडून गाडी कडेला नीट लाव आणि पोरींना मांजरा दाखव. पाटोद्याजवळ बालाघाटात उगवलेली ही नदी धनेगावच्या धरणातून आपल्या लातूरला पाणी पाजते. २०१६ मध्ये ते धरण कोरडं पडलं, मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा कॅन घेऊन तू रांगेत उभा होतास. तीच मांजरा पुढे बिदर जिल्ह्यातून तेलंगणात जाते, निजामसागरात थांबते आणि वळून पुन्हा आपल्या सीमेवर येते. आजीचं माहेर बोधनकडचं. ती जन्मली तेव्हा नांदेड, बिदर आणि निजामाबाद एकाच हैदराबाद संस्थानात होते. १९५६ मध्ये राज्यं वेगळी झाली, सोयरिकी झाल्या नाहीत. लोक या लग्नाला परराज्यातलं म्हणतील. आजीसाठी ती माहेरची वाट आहे. तिला तिथे घटकाभर बसू दे.

शेवटचं. पट्टा सगळ्यांनी लावायचा, मागे बसणाऱ्यांनीही. ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथराव मुंडे पट्ट्याविना मागच्याच सीटवर बसले होते, गाडीला अपघात झाला आणि आपला मराठवाडा पोरका झाला. आजीला पुढे तुझ्या शेजारी बसव. तिचा डावा हात पट्ट्यापर्यंत पोचणार नाही, आणि ती तुला सांगणारही नाही. तू उतर, तिच्या बाजूला जा, आणि आपल्या हाताने तिला पट्टा लाव.

दादा-वहिनींना नमस्कार. आईला माझा साष्टांग दंडवत.

तुझा,
काका