दादा-वहिनींना व्हेगासला नेताना

निखिल, तुझ्या आईबाबांना, म्हणजे आमच्या दादा-वहिनींना, व्हेगास दाखवायचं मनावर घेतलंस, बरं केलंस. हॉटेल फ्लेमिंगो निवडलंस तेही मला पटलं. ट्रॉपिकाना आणि मिराज, दोन्ही २०२४ मध्ये बंद झाली. झाडं-धबधब्यांच्या स्विमिंग पुलांची ती जुनी ऐट आता इथेच बघायची.

हे हॉटेल उघडलं डिसेंबर १९४६ मध्ये. ते उभारणाऱ्या बग्सी सीगल नावाच्या गुंडाला सहा महिन्यांच्या आत बेव्हर्ली हिल्समध्ये कुणीतरी गोळ्या घातल्या. त्याच्या नावाची पाटी बागेत आहे. दादाला आधी सांगू नकोस, त्याची त्याला सापडू दे. बाकी त्या काळातलं बांधकाम १९९३ पर्यंत पाडून झालं. आताचे टॉवर सीगलनंतरचे, पण तेही काही तरुण नाहीत. म्हणून काउंटरवर गोड बोलून दोनच गोष्टी माग: नूतनीकरण झालेली खोली आणि लिफ्टजवळची खोली. व्ह्यूच्या मागे लागू नकोस. तिथले कॉरिडॉर संपता संपत नाहीत आणि दादाचे गुडघे तुला माहीत आहेत.

खोलीच्या भाड्यावर रिसॉर्ट फी आणि कर लागतो, तो धरूनच हिशोब कर. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड दे. डेबिट कार्ड दिलंस तर आपलेच पैसे कित्येक दिवस अडकतात.

आता चहा. व्हेगासच्या खोल्यांत पाणी तापवायची सोय बहुधा नसतेच. आपण खाली उतरून पैसे खर्च करावेत, एवढाच त्यातला हेतू! वहिनी पुण्याहून केटल आणेल, ती २३० व्होल्टची. इथल्या १२० व्होल्टवर तिचं पाणी तापायला जन्म जाईल. इथलीच छोटी घेऊन जा. खोलीत मांडून ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीला हात लावू नका, रस्त्यावरच्या औषधांच्या दुकानातून पाणी आणा. आणि भरपूर आणा. तिथली हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही. वहिनी "मला तहान नाही" म्हणेल, तिचं ऐकू नकोस.

पुलावर सकाळी उघडल्या उघडल्या जा, नाहीतर फुकटच्या सावलीतल्या खुर्च्या मिळत नाहीत; छत्रीचं वेगळं भाडं पडतं. छोट्या सईसाठी घसरगुंड्यांचा पूल. गो पूल एकवीस वर्षांवरच्यांचा, तिथे डीजे दणदणतो. तुम्ही दोघं जा हवं तर, दादा-वहिनींना नेऊ नका. पंजाबी ड्रेसवर पाण्यात उतरू देत नाहीत, वहिनीला पूर्ण बाह्यांचा स्विमसूट आधीच घेऊन दे. नाहीच उतरली तरी तिचा वेळ छान जाईल: मागच्या बागेत खरे फ्लेमिंगो आहेत, कोई मासे, कासवं, आणि तिकीट नाही. एक पाय पोटाशी घेऊन झोपलेला फ्लेमिंगो बघत ती तासभर बसेल.

लिफ्टकडे जाता-येता कसिनो लागतोच, आणि आत सिगारेटचा धूर असतो. सईचा हात धरून सरळ चालत राहायचं. मशीनपाशी थांबलात की गार्ड हटकतो.

दादाला खेळायची हौस येणारच. येऊ दे! चाळीस डॉलर रोख हातात दे आणि त्याचं पाकीट खोलीतल्या तिजोरीत ठेव. रुलेटच्या चाकावर हिरवी शून्यं मोजायला सांग: एक असेल तर शंभरामागे सरासरी २.७० जातात, दोन असतील तर ५.२६, तीन असतील तिथे ७.६९. ब्लॅकजॅकच्या टेबलावर ६:५ लिहिलं असेल तर पुढच्या टेबलावर जा. दहा डॉलरच्या ब्लॅकजॅकला ६:५ वर बारा मिळतात, ३:२ वर पंधरा. खेळताना पेय फुकट येतं, पण आणणाऱ्या बाईला डॉलर-दोन डॉलर द्यायचे. दादा त्यावरून वाद घालेल, तेव्हा सुटे तूच जवळ ठेव.

निघताना बिल ओळ न् ओळ वाच. आणि मोनोरेलचं स्टेशन हॉटेलच्या मागेच आहे म्हणून हुरळून जाऊ नकोस, ती एअरपोर्टला जात नाही. टॅक्सीच कर.