रसनिवृत्ती : मुले, मोबाइल आणि गृहस्थाचा संयम

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील एकोणसाठाव्या श्लोकात मनुष्यस्वभावाचे एक मर्म सांगितले आहे. विषयांचे सेवन थांबविले म्हणजे विषय दूर होतात, परंतु त्यांची गोडी मनात तशीच राहते. ती गोडी परतत्त्वाचे दर्शन घडल्यावरच मावळते, असा त्याचा आशय आहे. हा उपदेश साधकासाठी आहे हे खरे. तथापि आजच्या गृहस्थासही घरच्या एका प्रश्नात त्याची प्रचीती येते. तो प्रश्न मुलांच्या हातातील मोबाइलचा होय.

वडील रागावून मोबाइल काढून घेतात. मूल दूरचित्रवाणीसमोर जाऊन बसते. तीही बंद केली तर शेजारच्या घरी जाते. विषय गेला, रस राहिला. त्याच अध्यायातील बासष्टावा श्लोक याची परंपरा सांगतो : विषयाच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध. मोबाइल काढून घेताच मूल आदळआपट करते, ती ही तिसरी पायरी होय. तेथे मुलास दुष्ट ठरविणे व्यर्थ आहे. पहिल्या पायरीवर घरातील कोणी लक्ष दिले नाही, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय या विषयास स्वाभाविक अंत नाही. गोष्ट संपते, खेळ दमवितो. पडद्यावर मात्र एक चित्रफीत संपण्यापूर्वीच दुसरी उभी असते.

मग प्रमाण कोणते? सहाव्या अध्यायातील सतराव्या श्लोकात आहार, विहार, निद्रा आणि जागृती यांच्या युक्ततेचा आग्रह आहे. वैद्यकशास्त्राचे आजचे मतही त्याच दिशेचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील बालकांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. एक वर्षाखालील बालकास पडदा दाखवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसातून एका तासाहून अधिक नको, त्याहून कमी असेल तर उत्तम. तीन-चार वर्षांच्या मुलास दहा ते तेरा तास झोप आणि दिवसभरात मिळून तीन तास हालचाल हवी, असेही त्यांत म्हटले आहे. यावरून असे दिसते की, पडद्यापुढे गेलेला वेळ हा बहुधा झोपेतून, खेळातून अथवा संभाषणातून कापलेला असतो. लहान मूल भाषा शिकते ते बोलणाऱ्याला उत्तर देऊन. पडदा बोलतो, पण मुलाचे ऐकत नाही.

प्रमाण कळले तरी ते घरात उतरावे कसे? येथे तिसऱ्या अध्यायातील एकविसावा श्लोक उपयोगी पडतो : श्रेष्ठ जसे आचरण करतो तसे इतर करतात. याचे उदाहरण सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव या गावी घडले. महामारीच्या काळात शाळा मोबाइलवर भरली आणि मुलांना पडद्याची सवय जडली. शाळा पुन्हा उघडल्यावर अभ्यासाकडे मन लागेना. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांनी हा विषय गावापुढे मांडला. पुरुषांनी प्रथम थट्टा केली. परंतु स्त्रिया एकत्र जमल्या आणि आपणही मालिका अति पाहतो हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. तेथून निर्णयाला बळ आले. १५ ऑगस्ट २०२२ पासून सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत घरोघरचे संच व मोबाइल बंद राहू लागले. हा नियम केवळ मुलांसाठी नव्हता, साऱ्या गावासाठी होता. त्याचे सामर्थ्य यातच आहे. आई मालिका पाहत असता मुलास 'अभ्यास कर' म्हणते, तेव्हा मूल तिचे शब्द ऐकत नाही, तिची दृष्टी कोठे आहे ते पाहते.

तथापि जडलेली सवय एका दिवसात सुटत नाही. सहाव्या अध्यायातील पंचविसावा श्लोक धैर्ययुक्त बुद्धीने हळूहळू उपरत व्हावे असे सांगतो. शेतकऱ्यास हे तत्त्व ठाऊक असते. म्हैसूर जिल्ह्यातील हुणसूर तालुका व्हर्जिनिया तंबाखूच्या पिकासाठी प्रसिद्ध आहे. ते पीक कोणास वर्ज्य वाटेल. येथे दृष्टांत घ्यावयाचा तो केवळ भट्टीचा. हिरवे पान भट्टीत टांगून उष्णता पायरीपायरीने वाढवितात. आधी पान पिवळे होते, मग वाळते, शेवटी देठ सुकतो. पाच-सहा दिवस रात्रंदिवस लक्ष ठेवावे लागते. घाई केली की पान बिघडते, दुर्लक्ष केले तरी बिघडते. जो गृहस्थ पानासाठी रात्र जागवितो, त्याला मुलासाठी सायंकाळी घटकाभर बसणे अशक्य नाही.

आता मूळ श्लोकाकडे वळावे. मुलाचा खेळ म्हणजे परतत्त्व नव्हे. परंतु उंच रस मिळाल्यावाचून हलका रस सुटत नाही, हा नियम सर्व पायऱ्यांवर एकच आहे. म्हणून गृहस्थाने मोबाइल काढून घेण्यापूर्वी त्या जागी काय ठेवावयाचे ते ठरवावे.

अभ्यासासाठी चार गोष्टी :

१. जेवताना व निजण्यापूर्वी एक तास घरातील कोणाच्याही हाती मोबाइल नसावा. आरंभ वडीलधाऱ्यांनी करावा.

२. आज तीन तास पाहणाऱ्या मुलाचा वेळ दर आठवड्यास थोडथोडा कमी करावा आणि ठरलेली वेळ मोडू नये.

३. मोकळ्या झालेल्या वेळी मुलास एकटे सोडू नये. आजीची गोष्ट, अंगणातील खेळ, फुले वेचणे, भाजी निवडणे यांत त्यास सोबतीला घ्यावे.

४. रडणे थांबविण्यासाठी मोबाइल देऊ नये. मूल रडून शांत होण्यास शिकते. मोबाइल पाहून ते केवळ मोबाइल मागण्यास शिकते.

पहिल्या काही दिवसांत मूल रुसेल, कंटाळेल. त्या कंटाळ्यास भिऊ नये. मन पुनःपुन्हा बाहेर धावले तरी पुनःपुन्हा त्यास परत आणावे, असे सव्विसावा श्लोक सांगतो. मुलास परत आणताना ज्याच्याकडे आणावयाचे तो पिता, ती माता त्या वेळी घरात मनाने उपस्थित असली पाहिजे.