पंधरापैकी पंधरा

अ‍ॅन आर्बरमध्ये घर केलं की अमेरिकन फुटबॉल आपसूक मागे लागतो. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून जास्त माणसं बसतात. सामन्याच्या शनिवारी गावात दुसरा विषयच नसतो. बरेच हंगाम पाहिले, पण २०२३ चा हंगाम मनात घर करून बसला. पंधरा सामने, पंधरा विजय आणि राष्ट्रीय अजिंक्यपद. नव्याने हा खेळ बघणाऱ्यांसाठी त्यातून उमगलेलं थोडं सांगते.

१. नजर लाइनवर ठेवा. क्रिकेटवर वाढलेले डोळे चेंडूमागे धावतात. इथे चेंडू घेऊन पळणाऱ्याचं नाव होतं, पण त्याला वाट करून देतात ती पुढची पाच धिप्पाड पोरं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, हे सगळं गणित त्यांच्या खांद्यांवर असतं. ११ नोव्हेंबरला पेन स्टेटच्या मैदानावर मिशिगनच्या शेवटच्या सलग ३२ चाली धावण्याच्याच नोंदल्या गेल्या. काय येणार ते समोरच्यांना ठाऊक होतं, तरी थोपवता आलं नाही. २४-१५. इतका सुंदर खेळ मी क्वचितच पाहिलाय.

२. कर्णधार एकटाच नसावा, जहाज चालवणारे आणखी हवेत. मुख्य प्रशिक्षक जिम हारबॉ त्या हंगामात सहा सामने निलंबित होते: पहिले तीन आणि साखळीतले शेवटचे तीन. दुसरं निलंबन जाहीर झालं तेव्हा संघ पेन स्टेटला जायला विमानात बसला होता. दुसऱ्या दिवशी सूत्रं साहाय्यक प्रशिक्षक शेरॉन मूर यांच्याकडे. सामना जिंकल्यावर मुलाखत देताना ते ढसाढसा रडले.

३. जखमी गड्यासाठी खेळणं म्हणजे काय, ते २५ नोव्हेंबरला कळलं. समोर ओहायो स्टेट, १७-१७ बरोबरी. लाइनमधला कर्णधार झॅक झिंटर पाय मोडून पडला. सहकारी त्याच्याभोवती गोळा झाले, त्याला गाडीवर घेऊन गेले, सगळं मैदान त्याच्या नावाने गर्जत होतं. त्याच्या जागेसाठी लाइनमध्ये अदलाबदल करावी लागली. आणि लगेचच्याच चालीत चेंडू घेऊन पळणारा ब्लेक कोरम बावीस यार्ड पळत थेट गोलरेषेपार! बोटांनी त्याने सहा आणि पाच दाखवलं. ६५ हा झिंटरचा क्रमांक. सामना ३०-२४ असा जिंकला. आजही ती चाल पाहिली की डोळे भरून येतात.

४. आपला संघ म्हणून डोळेझाक नको. पुढच्या प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांना माणसं पाठवून त्यांच्या चाली कळवण्याच्या खुणा टिपल्याचं प्रकरण त्याच हंगामात उघडकीला आलं. प्रत्यक्ष जाऊन अशी टेहळणी करायला नियमाने बंदी आहे. २०२५ मध्ये महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था असलेल्या एनसीएएने विद्यापीठाला जबर दंड ठोठावला. विजय रद्द केले नाहीत. माझं मत विचाराल तर शिक्षा रास्त होती. लाइनमधल्या त्या पाच पोरांनी मैदानावर गाळलेला घामही तितकाच खरा होता.

५. हरण्याला घाबरू नका. २०२१ मध्ये उपांत्य सामन्यात जॉर्जियाने ३४-११ असं लोळवलं, २०२२ मध्ये टीसीयूने ५१-४५. कित्येक खेळाडू तरीही परत आले. १ जानेवारी २०२४ ला रोझ बोलमधल्या उपांत्य सामन्यात अलाबामाशी जादा वेळेत झुंज झाली. शेवटच्या चालीत गोलरेषेला तीन यार्ड उरलेले असताना समोरच्याला अडवलं, २७-२०. आठवड्याने ह्यूस्टनला अंतिम सामन्यात वॉशिंग्टनवर ३४-१३.

६. इकडे शिकायला येणार असाल तर नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार मोकळा ठेवा. विषम वर्षी त्या दिवशी ओहायो स्टेटशी सामना अ‍ॅन आर्बरला असतो. तिकीट महाग असतं, थंडी कडाक्याची असते. जाड मोजे घाला आणि जा.