खारावलेल्या जमिनीची सुधारणा : धैंचा, गवत व वृक्ष यांचे साहाय्य

कालव्याचे पाणी आले म्हणजे जमिनीचे भाग्य उजळते, असा सर्वसाधारण समज आहे. तो खोटा नाही. परंतु निचऱ्याची सोय नसेल तर तेच पाणी जमिनीस मारक ठरते. नीरा, प्रवरा व कृष्णा या नद्यांच्या खोऱ्यांतील भारी काळ्या जमिनींत हा अनुभव जुना आहे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला व पुढील काही दशकांतच त्याच्या लाभक्षेत्रातील सखल शेते पाणथळ व खारवट होऊ लागली. उसाचे भरघोस पीक देणारे शेत पडीक पडले म्हणजे कुटुंबाचा आधारच तुटतो. अशी जमीन पुन्हा पिकाखाली आणण्याच्या कामी वनस्पतींचे मोठे साहाय्य होते.

दोषाची ओळख

वाजवीपेक्षा अधिक पाणी दिल्याने भूजलाची पातळी वर येते. ते पाणी केशाकर्षणाने पृष्ठभागी चढते, उन्हाने त्याची वाफ होते व क्षार मागे राहतात. उन्हाळ्यात जिच्यावर पांढरा थर दिसतो ती खारवट जमीन. तिचा सामू सामान्यतः ८.५ पेक्षा कमी असतो. सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसला म्हणजे जमीन चोपण होते व सामू ८.५ च्या वर जातो. अशी जमीन ओली असता चिकट व वाळली असता दगडासारखी कठीण होते. पावसाचे पाणी तिच्यावर गढूळ होऊन साचून राहते. दोहोंचे उपाय निरनिराळे असल्यामुळे माती तपासून घेतल्यावाचून खर्च करू नये.

धैंच्याचे कार्य

दख्खनच्या काळ्या जमिनीत बहुधा चुनखडी असते; परंतु ती पाण्यात सहजी विरघळत नसल्यामुळे तिच्यातील कॅल्शियमचा उपयोग होत नाही. धैंच्याच्या मुळांच्या श्वसनाने, तसेच गाडलेली हिरवळ कुजल्याने कर्बाम्ल वायू निर्माण होतो. तो पाण्यात मिसळून सौम्य आम्ल बनते व चुनखडी थोडी थोडी विरघळू लागते. मोकळा झालेला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली निघून जातो. मुळांमुळे घट्ट माती पोकळ होते व त्यांवरील गाठींतील जिवाणूंमुळे नत्रही मिळते.

पावसाच्या आरंभी हेक्टरी ४० ते ५० किलो बी पेरावे. पीक ४५ ते ५० दिवसांचे होऊन फुलावर येऊ लागताच जमिनीत गाडावे. विलंब केल्यास खोड जून होऊन लवकर कुजत नाही. जमीन तीव्र चोपण असल्यास केवळ धैंच्यावर विसंबू नये. माती परीक्षणानुसार जिप्समही घालावे.

गवत व वृक्ष

हरियाणातील कर्नाल येथे १९६९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने पडीक चोपण जमिनीत विलायती बाभूळ व कर्नाल गवत लावून तिची सुधारणा होते हे दाखवून दिले आहे. वृक्षांचा पाला पडून सेंद्रिय द्रव्य वाढते व सावलीमुळे बाष्पीभवन कमी होते. तथापि विलायती बाभूळ झपाट्याने पसरून शेजारची शेते व्यापते. म्हणून शेताच्या बांधावर देशी बाभूळ किंवा करंज लावणे बरे. कालव्याच्या पाझराच्या पट्ट्यात निलगिरीसारखी भरपूर पाणी शोषणारी झाडे लावल्यास भूजलाची पातळी उतरण्यास मदत होते.

चर हवाच

वनस्पती सर्व क्षार शोषून नाहीसे करतात, असे मात्र समजू नये. क्षार धुऊन बाहेर जाण्यास वाट लागते. ती नसेल तर झाडे पाणी शोषतील व क्षार मुळांपाशीच साचतील. म्हणून प्रथम चर, मग धैंचा, हा क्रम सोडू नये.

एकट्या शेतकऱ्याने काढलेला चर शेजाऱ्याच्या बांधाशी थांबला तर त्याचा उपयोग होत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी वरच्या व खालच्या बाजूच्या शेतकऱ्यांना एकत्र बसवून नाल्यापर्यंत सामाईक चराची आखणी करून घ्यावी. वरच्या शेतात पाणी बेताने दिले तरच खालचे शेत वाचते. सुधारलेल्या जमिनीत आरंभी कापूस किंवा सातू यांसारखी क्षार सहन करणारी पिके घ्यावी. हरभरा व घेवडा यांची घाई करू नये.